अरबी समुद्रातून बोरी अरबला

जहाजावर नवा माणूस आला की आम्ही आधी त्याचं नाव विचारतो, मग गाव. विलासने गाव सांगितलं 'बोरी अरब', आणि मी लगेच त्याला आपल्यातला मानून टाकलं. अरब म्हणजे अरबी समुद्र, समुद्र म्हणजे मासे, आणि मासे म्हणजे आपला माणूस. त्या दुपारी त्याच्या ताटात सुरमईची सगळ्यात जाड तुकडी वाढली. त्याने ती बराच वेळ उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "दत्ताभाऊ, याच्यात काटे रायते का?" तेव्हा कळलं की हे गाव यवतमाळ जिल्ह्यात आहे आणि तिथल्या लोकांना समुद्र बघायचा तर आधी एक अख्खी रात्र रेल्वेत काढावी लागते.

मी गुहागरकडचा. तेलविहिरींच्या कामावर असलेल्या एका जहाजावर भंडारी, म्हणजे स्वयंपाकी. या जहाजाच्या नाकाडावर हेलिकॉप्टर उतरायला एक उंच ओटा केलेला आहे. माणसं बदलायची असली किंवा कोणी फारच आजारी पडलं की हेलिकॉप्टर येतं. ते टेकलं की विलास पळत जाऊन चाकांना ठोकळे लावतो, पट्टे आवळतो, उतरणाऱ्यांची डोकी खाली दाबून त्यांना बाजूला नेतो. मी तेव्हा चिरत असलेला कांदा तसाच टाकतो, चंदेरी डगला चढवतो आणि आग विझवणाऱ्या फेसाच्या नळाशी उभा राहतो. जहाजावर प्रत्येकाला दोन कामं असतात. माझ्या दुसऱ्या कामाची कधी वेळ येऊ नये, ही माझी रोजची प्रार्थना.

तर विलास सुट्टीवर गेला आणि सुट्टी संपली तरी आला नाही. मीही तेव्हा घरी होतो. एके दिवशी शेजारच्या बूथवर त्याचा फोन आला.

"दत्ता, घरचे सोडून नाई राह्यले. टीव्हीवर कुठचं तरी हेलिकॉप्टर समुद्रात पडलेलं दाखवलं. तवापासून माय जेवत नाई अन् सुजाता बोलत नाई."

"मग मी काय करू?"

"तू ये. तू सांग का काम एकदम सेफ हाय. तुया तोंडाकडे पाहून कोनालेबी खरं वाटते."

माझ्या तोंडाची अशी स्तुती आजवर कोणी केली नव्हती. मी निघालो.

बोरी अरब

रेल्वेचं सांगण्यासारखं काही नाही. बडनेऱ्याला उतरून एसटी धरली आणि मग खिडकीबाहेर बघतच राहिलो. आमच्याकडे जमीन म्हणजे उतार. पाय ठेवला की एक तर चढायचं, नाही तर उतरायचं. इथे काळी जमीन अशी पसरलेली की नजर कुठे टेकवावी कळेना. कापूस वेचून झालेली शेतं, मधूनमधून तुरीचे पट्टे, आणि प्रत्येक मोठ्या गावाबाहेर खरेदी केंद्रासमोर कापसाने भरलेल्या बैलबंड्यांची रांग. बैल सोडलेले, जू जमिनीला टेकलेलं, आणि बंडीखाली सावलीत झोपलेली माणसं. ती वर्षं कापसाच्या पडलेल्या भावाची होती. कोणी म्हणे अजून थांबू, कोणी म्हणे आता काय थांबायचं. आमच्या एसटीत दारव्ह्यापर्यंत दुसरा विषय निघाला नाही.

विलास स्टँडवर उभा होता. मला मिठी मारायच्या आधी त्याने कानात सांगितलं, "तीन गोष्टी बोलायच्या नाई. एक, जहाज हलते म्हनून. दोन, हेलिकॉप्टर सरकलतं ते. तीन, माया दात."

विलासचा वरचा एक दात नाही. त्याची गोष्ट पुढे येईल, कारण ती मीच सांगितली.

घरात शिरलो आणि पायच ठेवायला जागा नाही. ओसरीत कापूस, मधल्या खोलीत छताला टेकलेला कापूस, धान्याच्या कोठीमागे कापूस. भाव चढेल म्हणून यंदा घरोघर कापूस असा राहायला आला होता. आमच्याकडे पाहुणा आला की माणसं सरकून जागा करतात. इथे विलासच्या आईने कापूस सरकवून मला जागा केली. त्यावर मी बसलो आणि सावकाश आत जात राहिलो. माझं वजन जहाजावर प्रसिद्ध आहे. फक्त डोकं वर उरलं तेव्हा विलासने हात देऊन ओढून काढलं.

"नरम हाय ना?" त्याची आई म्हणाली. त्यांना सगळे माय म्हणत, मीही म्हणू लागलो. बारीक, काटक, तोंडाने सतत काही ना काही बोलणारी बाई.

"फार नरम," मी म्हणालो. पहिल्या रात्रीनंतर कळलं की नरम आहे, पण अंगाला खाजतोही तेवढाच.

सुजाता, विलासची बायको, गावातल्या अंगणवाडीची सेविका. तिने पाण्याचा गडवा पुढे केला, "कसा झाला प्रवास, भाऊजी?" विचारलं आणि माझ्याकडे एकदाच नीट पाहिलं. लाडू कोणी खाल्ला हे न विचारता ओळखणाऱ्या बाईची नजर होती ती. तोंडाकडे पाहून खरं वाटतं म्हणे!

साक्ष

संध्याकाळी माझी साक्ष ऐकायला अर्धी आळी ओसरीत जमली. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली सतरंजी, मधोमध मी. लोकांना हेलिकॉप्टरपेक्षा समुद्राची उत्सुकता जास्त.

"समुद्र केवढा असते जी?" एका म्हाताऱ्याने विचारलं.

"जिथवर नजर जाते तिथवर पाणी."

"अन् ओलीत किती होते त्याच्यावर?"

"ओलीत नाही होत. शेताला चालत नाही, खारं पाणी असतं."

"मंग कायच्या कामाचं!" म्हातारा उठला आणि घरी गेला. समुद्राबद्दल त्याला पुढे काही ऐकायचं नव्हतं.

जेवायला कढी-गोळे, ज्वारीची भाकर, तेलाचा तवंग असलेली वांग्याची भाजी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. आम्ही कोकणातली माणसं तिखट खातो असा माझा समज होता. पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं. माय म्हणाली, "पाहा, आमच्या विलासच्या मायेनं रडून राह्यला बिचारा." त्यामुळे माझ्या साक्षीला जरा वजन आलं.

सुरुवात मी बरी केली. जहाज म्हणजे एक मोठी इमारत आहे, आत पंखे आहेत, गादी आहे, जेवण माझ्या हातचं आहे. हेलिकॉप्टर येतं, पाखरासारखं बसतं, उडून जातं. विलास बाजूला उभा राहून फक्त हात करतो. विलास समाधानाने मान डोलावत होता.

माय म्हणाली, "म्हंजे तुमचं हेलिकॉप्टर पडत नाई ना?"

"छे! पडेल कसं? त्या दिवशीसुद्धा पडलं नाही."

सुजाता भाकरी वाढत होती, तिचा हात ताटाच्या वर थांबला.

"कोन्त्या दिवशी?" तिने विचारलं.

मी विलासकडे पाहिलं. तो ताटाकडे पाहत होता.

"म्हणजे... सरकलं होतं. थोडंसं. पण विलासने थांबवलं."

"हेलिकॉप्टर? हातानं?"

"नाही, ठोकळ्याने. हात फक्त ठोकळ्यावर होता. तोंड मध्ये आलं."

मायने हळूच विचारलं, "तोंड? म्हंजे दात? बाथरूमात पडलता ना रे तू?"

मग कळलं की विलासने घरी बाथरूममध्ये घसरल्याचं सांगितलं होतं. मायने त्यानंतर न्हाणीतली फरशी छिन्नीने टोचून खडबडीत करून घेतली होती. तो मोरीत शिरला की ती बाहेरून "सांभाळून रे" म्हणत उभी राहायची. त्या टोचलेल्या फरशीने दुपारी माझ्या टाचा सोलल्या होत्या, त्याचंही कोडं सुटलं.

"सांगा भाऊजी," सुजाता समोर बसली. "आता पुरं सांगा."

मी सांगितलं. अर्धवट सांगितलेली गोष्ट मला पोटात ठेवता येत नाही.

पावसाळा संपून गेला होता, पण दूर कुठेतरी वादळ होतं आणि त्याच्या लांबलचक लाटा आमच्यापर्यंत येत होत्या. अशा लाटा फुटत नाहीत. जहाजाखाली शिरतात, त्याला उचलतात आणि सोडून देतात. ओटा जहाजाच्या पुढच्या टोकावर आणि उंच, त्यामुळे तिथे हे झोके सगळ्यात मोठे. हेलिकॉप्टरला उतरायचं असतं अशा जागेवर, जी एका क्षणी वर येऊन त्याला ठोसा मारेल आणि दुसऱ्या क्षणी खालून निघून जाईल. लाटांच्या मध्ये कधीतरी एक श्वास घेण्याइतकी शांतता येते. वैमानिक बाजूला तरंगत तिची वाट बघतो.

त्या दिवशी तो बराच वेळ तरंगला, आणि अखेर टेकला. पाती फिरतीच ठेवली होती. दोन माणसं उतरली. विलास ठोकळे घेऊन वाकून चाकाकडे निघाला, तेवढ्यात एक लाट आडवी आली. बाकीच्या समोरून येत होत्या, ही बाजूने. जहाज कलंडलं. ओट्यावर दोरखंडाची जाळी अंथरलेली असते, चाकं घसरू नयेत म्हणून. पण ती भिजलेली. हेलिकॉप्टरचं एका बाजूचं चाक उचललं गेलं आणि ते सगळं धूड उताराकडे सरकायला लागलं. आणखी थोडं कललं असतं तर पाती ओट्याला लागली असती. लागली की त्यांचे तुकडे होतात, आणि ते तुकडे माणूस, लोखंड, काही बघत नाहीत.

विलास उताराच्याच बाजूला होता. मी ओरडलो, "पळ!" पण त्या आवाजात माझं मलाच ऐकू आलं नाही. आणि हा पळाला नाही. आडवा पडला आणि सरकत येणाऱ्या चाकाखाली दोन्ही हातांनी ठोकळा दाबला. चाक ठोकळ्यावर आदळलं, ठोकळा याच्या तोंडावर. पण चाक थांबलं. जहाज परत सरळ होऊ लागलं, ती संधी साधून वैमानिकाने हेलिकॉप्टर उचललं आणि ते गेलं.

"अन् तुमी काय केलं?" सुजाताने विचारलं.

"मी नळ सोडला."

"आग लागली?"

"नाही. खटका कधी ओढला गेला मला कळलंच नाही. नुकती उतरलेली दोन माणसं होती ना, त्यांच्यावर सगळा फेस. पायापासून डोक्यापर्यंत. एकाने नंतर विचारलं, इथे सगळ्यांचं असंच स्वागत करता का."

आळीतली माणसं हसली. माय तोंडाला पदर लावून बसली. सुजाता उठली, उरलेली भाकरी विलासच्या ताटात न वाढता माझ्या ताटात टाकली आणि आत गेली.

शेताकडे

दुसऱ्या दिवसापासून सुजाता विलासशी माझ्यामार्फत बोलू लागली.

"भाऊजी, ह्यायले विचारा चहा पाह्यजे का."

विलास समोरच बसलेला. मी विचारायचो. तो "हो" म्हणायचा. मी "हो म्हणतोय" म्हणायचो. जहाजावर रेडिओवाल्याचं काम असंच असतं. पण त्याला एवढा ताण नसतो.

माझ्यासाठी शेतात रोडग्यांचा बेत ठरलेला होता, तो रद्द झाला नाही. इकडे पाहुण्याला रोडगे खाऊ घातल्याशिवाय सोडत नाहीत. आम्ही बंडीत बसलो. विलास पुढे बैलांशी, मागे माय, सुजाता, मी, कणकेची पाटी, वांगी आणि एक सूप. वाटेत एक कोरडा नाला होता, आत दगडगोटे. बंडी त्यात उतरली आणि डावीउजवीकडे हेलपाटू लागली.

"असं हलते जहाज?" सुजाताने मला विचारलं.

"याच्यापेक्षा सावकाश. पण जास्त."

"सांगा त्यायले, थांबू नोका म्हना. चालू द्या."

ती उभी राहिली. पदर खोचला, सूप डोक्याच्या वर धरलं आणि बंडीच्या मधोमध मोकळ्या फळीवर ते अलगद टेकवायचा प्रयत्न करू लागली. फळी वर आली, सुपावर आपटली. पुन्हा उचललं. बंडी कलली, सूप कडेला जाऊन अडकलं. तिसऱ्या वेळी मी मदतीला उभा राहिलो आणि एका मोठ्या धोंड्यावर चाक चढताच थेट नाल्याच्या वाळूत जाऊन बसलो. विलासने बैल थांबवले. माय हसता हसता आडवी झाली. सुजाताही हसली, आल्यापासून तिला हसताना मी प्रथमच पाहत होतो.

मग तिने हातातल्या सुपाकडे पाहिलं. "सूप पडलं तर उचलता येते," ती म्हणाली आणि सूप मांडीवर घेऊन बसली.

रोडगे मात्र अप्रतिम. कणकेचे जाड गोळे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले, राख झटकून, फोडून तुपात बुडवायचे आणि वांग्याच्या भाजीबरोबर खायचे. मी किती खाल्ले ते लिहीत नाही. भंडारी म्हणून एवढंच नोंदवतो की ही गोष्ट जहाजावर करता येणार नाही. आमच्याकडे आग लावायला परवानगी लागते आणि गोवऱ्या तर कोण देणार?

जेवण झाल्यावर सुजाता बांधावर माझ्याशी बोलली. विलास तुरीत काहीतरी बघत असल्याचं दाखवत होता.

"भाऊजी, मले भेव वाटते हे त्यायले माहीत हाय. म्हनून खोटं सांगतलं, हेबी समजते. पन मी मंग इथं कोनासोबत संसार करून राह्यली? बाथरूमात पडनाऱ्या मानसासोबत. तो मानूस तर हायच नाई."

हे मी विलासला पोचवलं नाही. काही निरोप रेडिओवालाही पुढे धाडत नाही.

हेलिपॅड

माझी परतायची वेळ आली त्याच आठवड्यात गावात बातमी आली की मुंबईचे एक मंत्री कापसाची परिस्थिती बघायला येणार, आणि हेलिकॉप्टरने येणार. गावाबाहेरच्या एका रिकाम्या वावरात चुन्याचं मोठं वर्तुळ काढलं गेलं. टँकरने पाणी मारलं, म्हणजे धूळ उडू नये. नायब तहसीलदार भला माणूस होता, उन्हात स्वतः उभा राहून सगळं करून घेत होता. पण गावचे एक पुढारी, ज्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत, त्यांच्या डोक्यात एक कल्पना आली. मंत्र्यांना उतरल्या उतरल्या कापूस दिसला पाहिजे. म्हणून वर्तुळापासून थोड्याच अंतरावर कापसाचा मोठा ढीग रचला होता.

आम्ही सगळे गर्दीत बघायला गेलो होतो. ढीग पाहताच विलास थांबला, मीही. तो सरळ तहसीलदारांकडे गेला.

"साहेब, हा ढीग हटवा. हेलिकॉप्टर खाली आलं का हे सगळं हवेत जाईल. इंजिनात गेलं तर पंचाईत."

"तुम्ही कोण?"

"मी जहाजावर हेच काम करतो."

"जहाजावर?" साहेबांनी सभोवार काळ्या जमिनीकडे पाहिलं. पण माणूस समजूतदार, लगेच भाऊसाहेबांना बोलावलं.

भाऊसाहेब म्हणाले, "आता वेळ कुठं हाय? ताडपत्री टाकतो त्याच्यावर." आणि टाकली. कडेला विटा ठेवल्या.

"विटांनी नाई होनार," विलास म्हणाला. "उलट ताडपत्री जास्त खतरनाक. ती उठली का पात्यात जाते."

"विटा काय उडते का राजा?"

तेवढ्यात आवाज आला. गर्दीने माना वर केल्या. हेलिकॉप्टर तुरीच्या शेतांवरून येत होतं आणि ते जवळ आलं तसा माझा हात आपोआप बाजूला आगीचा नळ शोधू लागला. तिथे फक्त ऊस विकणारा होता.

हेलिकॉप्टर खाली येऊ लागलं आणि वारा सुटला. समुद्रावर हा वारा मी शेकडो वेळा अंगावर घेतला आहे, पण तिथे उडायला काही ठेवलेलंच नसतं. इथे टोप्या गेल्या, स्वागताची कमान गेली, हारांची टोपली गेली. ताडपत्रीने एकदा श्वास घेतल्यासारखी छाती फुगवली आणि विटा गोट्यांसारख्या घरंगळल्या. एक कड उभी राहिली. खालून कापूस बाहेर पडला आणि क्षणात सगळं पांढरं झालं.

लोक मागे पळाले. विलास पुढे पळाला. मला त्या पांढऱ्यातून एवढंच दिसलं की त्याने दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुली केली, सोडली, पुन्हा केली. वर जा, उतरू नको. आणि मग त्याने ताडपत्रीवर उडी टाकली. वैमानिकाने पाहिलं असावं, कारण हेलिकॉप्टर उठलं. पण उठताना ते आणखी जोराने वारा खाली ढकलतं. विलासच्या बाजूची ताडपत्री दबली, तर दुसरी बाजू त्याच्यासकट वर यायला लागली. मी धावलो आणि त्या बाजूवर आडवा पडलो. माझ्या वजनाचा माझ्या आयुष्यात इतरांना झालेला हा पहिला उपयोग.

तरी एक कोपरा मोकळा होता. तो फडफडून आमच्या तोंडावर आपटत होता. आणि बायकांच्या घोळक्यातून सुजाता धावत आली, पदर कमरेला खोचून, आणि त्या कोपऱ्यावर धपकन बसली. तिने मागे वळून अंगणवाडीच्या आवाजात हाक मारली, "या व बायाहो! बसा इथं! बसा म्हनते ना!"

बायका आल्या. माय सगळ्यात आधी. बघता बघता ताडपत्रीच्या चारी कडांवर बायका मांडी घालून बसल्या, जणू पंगत बसली आहे आणि वाढायचं तेवढं बाकी आहे.

हेलिकॉप्टरने एक मोठी फेरी मारली. विलासने त्याला हाताने खुणा करून वावराच्या दुसऱ्या टोकाला, वाऱ्याच्या तोंडाला, नीट उतरवलं. मंत्री बाहेर आले तेव्हा हवेतला कापूस अजून खाली बसत होता. तो त्यांच्या केसांवर, चष्म्यावर, खांद्यावर बसला. त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि म्हणाले, "यंदा पीक उत्तम आलेलं दिसतंय."

ताडपत्रीवरून मायचा आवाज आला, "पीक हाय जी. भाव नाई."

मंत्र्यांनी शेजारच्याला काहीतरी सांगितलं, त्याने मान हलवली आणि सगळे मंडपाकडे गेले. भाऊसाहेब त्यांच्या मागे पळाले, डोक्यावरची कापसाची टोपी तशीच.

विलास परत आला तेव्हा सुजाता अजून कोपऱ्यावर बसून होती. भुवया, केस सगळं पांढरं. आठवड्यानंतर ती पहिल्यांदा त्याच्याशी थेट बोलली.

"तोंड उघडा."

त्याने उघडलं. तिने दोन बोटांनी हनुवटी धरून आत पाहिलं. "बाकीचे हायेत जागेवर," ती म्हणाली. तो शेजारी बसला. मी उठून दुसरीकडे जायला हवं होतं, पण मी उठलो असतो तर ताडपत्री उठली असती.

"मी पैशासाठी जातो असं सांगत होतो ना," विलास म्हणाला, "ते अर्धंच खरं हाय. ते खाली येते, सारे मांगे सरकते, अन् मले पुढं जा लागते. मले ते काम आवडते, सुजाता. भेव वाटते तरी आवडते. हे तुले कसं सांगू, म्हनून नाई सांगतलं."

तिने कपाळावरचा कापूस पुसला. "आज मी बी पुढं गेलती," ती म्हणाली. "बेक्कार भेव वाटते."

"हो."

"जा मंग. पन आता मले सारं सांगायचं. जे झालं ते. पडले तर पडलो म्हना. भेले तर भेलो म्हना. मी इथं बसून वेगळ्याच मानसाची वाट नाई पाहनार."

मायला हे मान्य नव्हतं. ती दोन दिवस विलासवर रुसून होती आणि निघताना तिने आम्हाला दोघांनाही पाया पडू दिलं नाही. एसटी सुटली तेव्हा मात्र खिडकीशी धावत येऊन तिने माझ्या मांडीवर एक गाठोडं टाकलं. त्यात ठेचा होता. वाटेत त्याची बरणी फुटली आणि बडनेऱ्यापर्यंत माझ्या विजारीने मला बसू दिलं नाही.

जहाजावर

हे सगळं मी जहाजाच्या भटारखान्यात बसून लिहितो आहे. गेले काही दिवस समुद्र खवळलेला आहे. काल हेलिकॉप्टर आलं, बाजूला तरंगलं, टेकायला गेलं, परत उठलं. पुन्हा गेलं, पुन्हा उठलं. तिसऱ्या वेळी टेकलं तेव्हा ओटा असा खाली गेला की विलास गुडघ्यावर पडला. उठला, ठोकळे लावले, माणसं उतरवली. माझा नळ माझ्या ताब्यात राहिला, ही माझ्या बाजूची प्रगती.

जहाजावरून घरी बोलायला आठवड्यातून एकदा मिळतं. काल विलासची पाळी होती. फोन आमच्या जेवणघराच्या भिंतीवर आहे आणि पलीकडचा आवाजही खोलीभर येतो, म्हणून मला दोन्ही बाजू ऐकू येतात. मी मुद्दाम ऐकत नाही.

"सुजाता, आज समुद्र लय खराब होता," तो म्हणाला. "हेलिकॉप्टर दोनदा परत गेलं. मी पडलो. लागलं नाई. गुडघा खरचटला." मग भिंतीकडे तोंड करून, "भेलो मी."

मग तिचा आवाज आला, लांबून, खरखरीत, पण स्पष्ट.

"मी बी भेली आता, हे ऐकून," ती म्हणाली. "सांगत जा असंच. ठेवते, भाकर करपून राह्यली."